चार मोकळ्या ओळी

“मॅडम, एक शिफारसपत्र लागणार होतं,” त्रिशला दारातच उभी राहून म्हणाली. ‘ये’ म्हटल्याशिवाय ती माझ्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे, आणि अडीच वर्षांत ही सवय सोड असं मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

“कुठे द्यायचंय?”

“बंगळूरला, पीएचडीला. लेखी परीक्षा पास झाले मॅडम. वरच्या विसांत आहे. आता फॉर्मबरोबर गाइडचं पत्र मागितलंय, बंद पाकिटात. शुक्रवारी टाकलं तर वेळेत पोचतंय.”

तिचा चेहरा फुलला होता. मी तोंडभरून अभिनंदन केलं, पण माझं अर्धं लक्ष समोरच्या संगणकात होतं. अर्ध्या तासापूर्वीच संशोधन नियतकालिकाकडून आमचा लेख परत आल्याची ईमेल आली होती. नाकारला नव्हता. परीक्षकांना लेख आवडला होता, फक्त मधुमेह झालेल्या आयांच्या आणखी बारा नाळा तपासून दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं. बारा म्हणजे कमीत कमी एक वर्ष. आणि त्या नाळांमधून पेशी जिवंत काढून वाढवणारे हात आमच्या प्रयोगशाळेत एकाच व्यक्तीचे होते. ती व्यक्ती दारात उभी राहून जायची परवानगी मागत होती.

“तूच लिहून आण,” मी म्हणाले. “मी बघते आणि सही करते.”

“मी? माझंच पत्र?”

“सगळे असंच करतात गं. कच्चा मसुदा तू करायचा. पुढचं मी बघते.”

“बरं मॅडम,” ती म्हणाली. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण मॅडमनी सांगितलं म्हणजे तसंच असणार, असा तिचा हिशोब.

खोटं नव्हतं मी सांगितलेलं. आमच्या क्षेत्रात ही रीतच आहे. पत्र गोपनीय असतं, पाकीट बंद करून चिकटवलेल्या जागेवर गाइडनं आडवी सही ठोकायची असते, म्हणजे विद्यार्थ्याला आत काय आहे ते कळू नये. आणि आतला मजकूर विद्यार्थ्यानंच लिहिलेला असतो! माझ्या वेळी माझ्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं. मी पुण्यातली, चार माणसांत वावरलेली. मी स्वतःला ‘असामान्य’ म्हणून घेतलं, तेही एका पानात तीनदा. सरांनी न वाचता सही केली आणि मला प्रवेश मिळाला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची, मिरजेतली. आमची संशोधन संस्था एका मोठ्या रुग्णालयाला लागून होती. गरोदरपणात मधुमेह झाला तर बाळाच्या रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. त्यासाठी बाळंतपण झालं की तासाभरात नाळेचा वीतभर तुकडा आणायचा, त्यातली शीर धुऊन घ्यायची आणि तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी सोडवून काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाचपैकी तीन फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशी बुरशीचे ढग दिसतात आणि सगळं ओतून द्यावं लागतं. माझा पीएचडीचा विद्यार्थी प्रमोद शिंत्रे याचे तर पाचच्या पाच जात. प्रमोद हुशार होता, बोलायला तरबेज होता. पण त्याच्या हाताला यश नव्हतं, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्रिशला मगदूम नांद्र्याची. कोल्हापूरला एमएस्सी करून माझ्याकडे प्रकल्प सहायक म्हणून लागली. जाईल सहा महिन्यांत, असं मला वाटलं होतं. पण सहा महिन्यांत तिनं काढलेल्या पेशी फ्लास्कच्या तळाशी फरशी बसवल्यासारख्या नीट एकमेकींना चिकटून वाढताना दिसू लागल्या. वॉर्डातही तीच. आमचं संमतिपत्र घेऊन प्रमोद गेला की बायका तोंड फिरवायच्या. आमच्याकडे अजून वार-नाळ जमिनीत पुरायची पद्धत आहे, ती परक्याच्या हातात कोण देणार? त्रिशला जाऊन खाटेजवळ बसायची. “काकी, वीतभरच घेते. बाकीचं माझ्या हातानं आजीकडं आणून देते, तुम्ही पुरा. बाळाला काय होत नाही.” आणि ती खरंच कापडात बांधून परत नेऊन द्यायची. आमच्या कुठल्याही नियमावलीत असं काही लिहिलेलं नव्हतं. पण मिरजेच्या वॉर्डात आम्हाला नाळा मिळत होत्या त्या एवढ्यामुळेच.

बुधवारी दुपारी तिनं मसुदा आणून दिला. एकच पान, अर्थात इंग्रजीत. “मला असलं लिहायची सवय नाही मॅडम,” ती म्हणाली. “आपलं आपण सांगितलेलं अण्णांना आवडत नाही, त्यामुळं घरात पण कधी... तुम्ही बघा.”

“ठेव. बघते.”

ती गेल्यावर मी कागद हातात घेतला. पहिल्या परिच्छेदात तिचं नाव, शिक्षण, माझ्याकडे केलेली कामं. पेशी काढल्या असं नव्हतं लिहिलेलं, ‘पेशी काढण्याच्या कामात मदत केली’ असं लिहिलं होतं. मदत! दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘सुरुवातीच्या चार महिन्यांत हिच्या हलगर्जीपणामुळे तीन प्रयोग वाया गेले, त्यानंतर हिने सुधारणा केली.’ ते तीन प्रयोग मला चांगले आठवत होते. फ्लास्क ठेवायच्या उबदार कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, तळाशी पाण्याचा ट्रे असतो, त्यातलं पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं, नाहीतर तिथूनच बुरशी चढते. पाणी बदलायचं काम प्रमोदचं होतं आणि त्यानं महिनाभर ते केलं नव्हतं. त्रिशलानं तेव्हा ब्र काढला नाही. ट्रे तिनं स्वतःच धुतला आणि तेव्हापासून स्वतःच धूत आली. मला हे माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर, पानाच्या मध्यभागी, चार ओळींची जागा मोकळी होती. तिथे पेन्सिलीनं, बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅडम, इथे तुमचं मत.’

आणि खाली शेवटची ओळ: ‘संधी मिळाल्यास ही मनापासून काम करील.’

मी चष्मा काढून ठेवला. कच्चा मसुदा म्हटलं तर या पोरीनं खरोखर कच्चाच मसुदा आणला होता. आपल्या चुका आपण सांगायच्या, आपलं चांगलं काय ते मोठ्या माणसांनी सांगायचं, अशा घरात ती वाढलेली. चांगल्यासाठी तिनं जागा सोडली होती. किती सोडावी याचाही तिनं विचार केला असणार. पाच सोडल्या तर आगाऊपणा होईल, म्हणून चार.

त्या चार ओळी भरायला मला दहा मिनिटं लागली नसती. ‘वीस वर्षांत माझ्याकडे असे हात आले नाहीत’ एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते शब्दशः खरं होतं. मी संगणक सुरू केला, संस्थेचा कोरा कागद छपाईयंत्रात घातला आणि तिचा मसुदा टाइप करायला घेतला. पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. हलगर्जीपणाच्या वाक्यापाशी मी थांबले. मग तेही टाइप केलं.

दार न वाजवताच प्रमोद आत आला. “मॅडम, परीक्षकांचं वाचलं. बारा नाळा! त्रिशला गेली तर आपलं काय होणार?”

“बघू.”

“माझा प्रबंध अडकलाय त्यात. आणि तुमची प्राध्यापकपदाची मुलाखतही या लेखावरच आहे ना, पुढच्या वर्षी?”

“प्रमोद, बघू म्हटलं ना?”

तो गेला. माझी मुलाखत त्याच्या तोंडून निघाली याचा मला राग आला. राग त्याचा आला, असं मी तेव्हा समजले. दोनदा मला डावललं होतं, दोन्ही वेळा माझ्याहून धाकट्या पुरुषांना पद मिळालं होतं, आणि तिसरी संधी शेवटची होती. अन्याय झालेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करत नाही, असं आपण उगीच मानतो. उलट त्याला तो हक्कच वाटू लागतो.

मी मोकळी जागा बंद केली. वरचा परिच्छेद आणि शेवटची ओळ एकमेकांना जोडून घेतली. मी एक शब्द बदलला नाही, एक शब्द वाढवला नाही. सही केली, पाकीट चिकटवलं, त्यावर आडवी सही केली. संध्याकाळी ते तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी घेतलं.

“बघितलंत मॅडम? काही चुकलं होतं का?”

“नाही. ठीक होतं.”

“मी जागा सोडली होती...”

“बघितली.”

ती हसली. कसं हसली ते मला आजही नीट आठवतं. वर्गात पहिला नंबर आलेलं पोर घरी सांगायच्या आधी मनातल्या मनात हसतं, तसं. मी खोलीत येऊन पाणी प्यायले आणि स्वतःला समजावलं: खोटं मी काहीच लिहिलेलं नाही. तिला अजून पुढच्या वर्षीची संधी आहे. वयाची अट अठ्ठावीस, ही सव्वीस. एका वर्षानं कुणाचं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः बसून असं पत्र लिहीन की ते लोक गाडी पाठवून तिला घेऊन जातील. हे सगळं मला अगदी पटलं. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरला नसता.

लेखी परीक्षेच्या गुणांवर तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. नवा पांढरा पंजाबी ड्रेस शिवून ती बंगळूरला जाऊन आली. परत आली त्या सकाळी मी प्रयोगशाळेत शिरले तर ती इन्क्युबेटरचा ट्रे धूत होती.

“काय झालं?”

“नाही झालं मॅडम.”

“काय विचारलं त्यांनी?”

“बरंच विचारलं.” ती ट्रे पुसत राहिली. “वॉर्डात एक बाळंतीण आहे, साखर वाढलेली. दुपारपर्यंत होईल म्हणतात. जाऊ का नाळ आणायला?”

“जा,” मी म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी सुटकाच वाटली, हे मी लपवणार नाही.

पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. स्वच्छ धोतर, टोपी, हातात पिशवी. खुर्चीच्या टोकावर बसले.

“मी श्रीपाल मगदूम. त्रिशलाचा वडील. प्राथमिक शिक्षक होतो नांद्र्याला.”

“बसा ना नीट.”

“बसलोय की. मॅडम, पोरगी काय बोलंना झालीय. इचारलं तर म्हणती, माझंच कमी पडलं. तुम्ही तिला जवळनं बघताय. खरंच कमी पडती काय ती?”

“नाही हो. तसं काही नाही. यंदा स्पर्धा जास्त होती.”

“असंल. मी अडाणी नव्हं, पण या गोष्टीतलं मला कळत नाही. पावणे यायला लागलेत, मी थांबवून धरलेत. तिची आई माझ्याशी भांडती. तुम्ही एवढं सांगा, अजून एक वरीस थांबलं तर हुईल तिचं?”

“होईल,” मी म्हणाले.

“मग मिटलं. तुमचा शब्द हाय म्हणल्यावर मी कुणाचं ऐकत नाही.” ते उठले, हात जोडले. सत्तरीच्या माणसानं मला हात जोडले, आणि मी खुर्चीतून अर्धवट उठून तो नमस्कार घेतला.

त्या वर्षात त्रिशलानं बारा नव्हे, चौदा नाळा आणल्या. एकही फ्लास्क गेला नाही. ती पूर्वीसारखीच वेळेवर यायची, वही लिहायची, दर शनिवारी माझ्याकडून वहीवर सही घ्यायची. फक्त वॉर्डातल्या गमती सांगायची ती बंद झाली. मला वाटलं, वयाप्रमाणे पोरगी गंभीर झाली. परीक्षकांना उत्तर गेलं. लेख छापून आला; अशा लेखात पहिलं आणि शेवटचं नाव मानाचं, त्यात पहिलं प्रमोदचं, शेवटचं माझं, तिचं चौथं. मला प्राध्यापकपद मिळालं. सत्काराला तिनंच हार आणला होता.

बंगळूरच्या अर्जाची तारीख त्याच गडबडीत येऊन गेली. मी विसरले होते असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. पण मी विसरले नव्हते. ती विचारेल तेव्हा लिहून देऊ, असं मी ठरवलं होतं. तिनं विचारलं नाही, आणि न विचारलेलं देण्याची मला सवय नव्हती.

जूनमध्ये ती दारात उभी राहिली.

“मॅडम, मी शनिवारपासून येणार नाही. जयसिंगपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेय. अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं.”

“पॅथॉलॉजी? रक्त-लघवी तपासायला जाणार तू?” मी खरंच दचकले. “आणि पीएचडी?”

“गेल्या महिन्यात अठ्ठावीस पूर्ण झाली मला.”

सव्वीस म्हणजे सव्वीस वर्षं आणि कितीतरी महिने, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. सुचलं ते सवयीनं: “बरं, लिहून आण. मी सही करते.”

“नाही मॅडम. या वेळी तुम्ही लिहा. मी बसते.”

आणि मी ‘ये’ म्हणायच्या आत ती आत आली, खुर्ची ओढली आणि बसली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

मी कागद घेतला. हातानंच लिहू लागले. आधी अडखळले, मग शब्द भराभर येत गेले. तिचे हात, तिच्या पेशी, वॉर्डातल्या बायका तिच्यावर ठेवत तो विश्वास, परत नेऊन दिलेल्या नाळा, चौदापैकी चौदा. तिनं न केलेल्या चुकीबद्दल ती गप्प राहिली होती, तेही लिहिलं. वीस वर्षांत असे हात माझ्याकडे आले नाहीत, हेही. पान भरलं. मागची बाजू निम्मी भरली. माझे डोळे भरून आले होते आणि मला वाटत होतं, मी काहीतरी फार मोठं करते आहे.

तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, उलटून मागची बाजू वाचली.

“म्हणजे ट्रेचं पण माहीत होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“त्रिशला...”

“मुलाखतीत त्यांनी पत्र वाचून दाखवलं होतं. तिथले मोठे सर म्हणाले, तुमच्या गाइडनाच तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही दिसत नाही, आम्ही काय घेणार? मी ऐकत होते. मधे येईल, मधे येईल, म्हणून वाट बघत होते. मधे काहीच आलं नाही. वरनं खालीच गेलं.”

“मग तू वर्षभर इथे...”

“आधी वाटलं, मी जास्तच आशा केली. तुमचं मत खरंच तेवढंच असंल. म्हणून थांबले. म्हटलं, वर्षभर काम बघतील, पटलं तर स्वतःहून लिहितील.” तिचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात खाटेजवळ बसून बोलायची तशीच ती बोलत होती. “तारीख जवळ आली तेव्हा मी रोज दाराशी यायचे मॅडम. तुम्ही विषय काढाल म्हणून.”

“हे घेऊन जा,” मी कागद तिच्यापुढे सरकवला. “मी आणखी कुठे बोलते. वयाची अट सगळीकडे नसते. मी फोन करते, मी...”

“ठरलंय आता सगळं. अण्णांनी पावण्यांना होकार दिलाय.” तिनं कागद माझ्याकडे परत केला. “आणि एवढं नको. लॅबवाल्यांना फक्त तारखा पाहिजेत. कधीपासून कधीपर्यंत काम केलं, तेवढंच.”

मी दुसरा कागद घेतला. तिचं नाव लिहिलं. ‘या दिनांक’ एवढं लिहून पेन थांबलं, कारण ती माझ्याकडे कोणत्या दिवशी रुजू झाली ते मला माहीत नव्हतं. मला ते तिलाच विचारावं लागलं.